कापली तरी हरळी, जपली तर लिली

मशीन थांबव रे बाळा. आधी थांबव. हं, आता ठेव ती भिंतीशी आणि इकडे ओट्यावर येऊन बस. ताईलाही बोलाव आतून. तिला म्हणावं, डोळे पूस, कांदे जमिनीत शाबूत आहेत. गेली ती नुसती पानं.

आणि तूही मान खाली घालू नकोस. तुला क्रिकेटसाठी गवत बारीक हवं होतं, आणि भिंतीकडेची लिलीची पानं गवतासारखीच दिसतात. लांब, अरुंद, हिरवीगार. फूल नसलं की मोठ्या माणसांनाही ती ओळखू येत नाहीत. मीसुद्धा एका वर्षी अंगण नीटनेटकं दिसावं म्हणून हीच पानं विळ्यानं जमिनीलगत कापली होती. पुढच्या मृगात जिथे वाफाभर गुलाबी फुलं उभी राहायची, तिथे मोजून चार आली. तेव्हापासून ती पानं कितीही विस्कटली, आडवी पडली, तरी मी त्यांना हात लावत नाही. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. आज सांगतो.

ताई, स्वयंपाकघरातून एक कांदा आण, आणि सुरी. तू तुझ्या दप्तरातलं ते न पुसणारं काळं पेन आण.

ही गोष्ट दोघींची. एकीला कापलं तर ती दाट होते, दुसरीला कापलं तर ती पुढच्या वर्षी गप्प बसते. दोघी एकाच अंगणात, एकाच पावसावर जगणाऱ्या, आणि दोघींचाही जीव जमिनीखाली ठेवलेला. मग एवढा फरक का, हे मला तुमच्याएवढा असताना कोणी सांगितलं नव्हतं. पुढे वाचत गेलो, पाहत गेलो, तसतसं उलगडलं.

पहिली ही हरळी. आजी हिला दूर्वा म्हणते. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून ज्या गाद्या विकायला असतात, तीही हिच्यातलीच निवडून काढलेली जात. आणि शेतकऱ्याला विचारलंत तर त्याच्या कपाळाला आठी पडेल. नांगरट झाली की हरळीच्या काशा वेचायच्या, बांधावर नेऊन वाळवायच्या, जाळायच्या. एक पेर जरी ढेकळात राहिलं तरी महिन्याभरात तिथे पुन्हा हिरवा ठिपका दिसतो. देवाला वाहायची तीच, आणि शेतातून खणून काढायची तीच. वनस्पती एकच आहे, फक्त जागा वेगळी.

एक दूर्वा उपट. तशी नाही, दोर ओढू नकोस. शेंड्याकडची एक पाती दोन बोटांत धर आणि हळूच वर खेच. आली? आता तिचं टोक बघू नकोस, बूड बघ. पांढरट, पोपटी, ओलसर. दाताखाली धरलंस तर गोडसर लागेल. दूर्वांच्या जुड्या करताना लहानपणी आम्ही हे बूड चोखत बसायचो आणि आजी रागवायची. ते कोवळं बूड म्हणजे गवताचा कारखाना आहे. आंब्याचा कोंब शेंड्याला वाढतो, म्हणून शेंडा खुडला की तो कोंब तिथेच थांबतो. गवताची पाती शेंड्याला वाढत नाही. ती तळाशी, पानाच्या खोळीच्या आत तयार होते आणि वर ढकलली जाते, जशी शेवयांच्या यंत्रातून शेवई बाहेर येते तशी. टोक हा पातीचा सगळ्यात जुना भाग. गाईनं खाल्लं काय किंवा तुझ्या मशीननं कापलं काय, जातं ते म्हातारं टोक. कारखान्याला धक्का लागत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. पेन आणलंस ना? ही कोवळी पाती खोळीतून जिथे बाहेर येते, नेमक्या त्या तोंडाशी एक काळा ठिपका दे. अशा पाच पात्यांना दे. आता भिंतीपाशी, मशीन पोचली नाही तिथे लिलीची तीन-चार कोवळी पानं उरली आहेत. त्यांनाही जमिनीलगत ठिपके दे. तीन दिवस थांबू. पाण्यानं ठिपका गेला तर पुन्हा देऊ.

तोवर ही मशीन. दांडा धरून ढकलायची, आणि पुढे गोल फिरणारी पाती. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर नावाच्या परगण्यात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर जे बारीक तंतू उभे राहतात ते छाटून कापड गुळगुळीत करायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र वापरत. एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं ते पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, हेच जमिनीवरून फिरवलं तर? १८३० साली त्यानं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी साहेबाची हिरवळ कोयत्यासारख्या लांब पात्यानं माणसं कापायची, नाहीतर मेंढ्या चरून बारीक ठेवायच्या.

पण गवत कापलं जाण्याची सवय मेंढ्यांपासूनची नाही. याचा पुरावा कुठे सापडला माहीत आहे? लंडनला नाही, आपल्या विदर्भात. नागपूरहून चंद्रपूरला जाताना वरोरा लागतं, बाबा आमटेंच्या आनंदवनाचं गाव. त्याच तालुक्यात पिसदुरा म्हणून खेडं आहे. तिथे दगड झालेली विष्ठा सापडते. हसू नका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास तिथे लांब मानेचे अजस्र डायनासोर फिरत होते, त्यांची ती विष्ठा मानतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दगड विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत ताडाच्या कुळाचे, सूचिपर्णी झाडांचे अवशेष होते, आणि त्यांच्यासोबत गवताचे कण.

गवत तर कुजून गेलं असणार, मग कण कसले उरले? तुझ्या बोटाला मघाशी पातीची कड लागून ओरखडा आला ना, ते कण. गवत जमिनीतल्या पाण्यासोबत वाळूचं द्रव्य शोषतं आणि पानाच्या पेशींमध्ये त्याचे काचेसारखे बारीक खडे घडवतं. खाणाऱ्याचे दात झिजावेत असे. घोड्या-गाईंचे दात उंच, जाड असतात, त्याचं एक कारण हे असं किरकिरीत अन्न. पान कुजलं तरी हे शिलाकण कुजत नाहीत. शिवाय गवताच्या कुळाकुळाचे कण वेगळ्या आकाराचे असतात, कुठे डमरूसारखे, कुठे खोगिरासारखे. त्यावरून पिसदुऱ्याच्या दगडांत गवताचे निदान पाच प्रकार ओळखता आले. त्यांत आपल्या धानाच्या कुळाशी नातं सांगणारेही होते. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. तोपर्यंत समज असा होता की डायनासोर संपल्यावर गवतं पसरली, म्हणून चित्रकार डायनासोरच्या पायाखाली गवत काढतच नसत. वरोऱ्याजवळच्या त्या दगडांनी ती चित्रं बदलायला लावली. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. कितीतरी वेळा त्या वाटेनं गेलो असेन, पण हे कळल्यावर रस्त्याच्या कडेचं गवत वेगळंच दिसायला लागलं.

आता हरळीची दुसरी करामत. मे महिन्यात, नवतपा चालू असताना, पारा ४५ च्या वर गेलेला असताना या अंगणात काय होतं? पाणी घातलं तर हरळी चमकत उभी राहते. तिच्याभोवती तुझ्या आजीचा पुदिना माना टाकतो. याचं उत्तर सापडलं ते उसात, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला, साखरेच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. १९६६ साली हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी ते नीट मांडलं.

पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर करतं, हे शाळेत शिकलात. पण पानातल्या स्वयंपाक्याची एक खोड आहे. ऊन तापलं की तो कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून प्राणवायू पकडतो, आणि केलेली मेहनत वाया जाते. बहुतेक झाडं हे नुकसान सोसतात. लिलीही सोसते. उसानं, मक्यानं, ज्वारीनं आणि या हरळीनं मात्र घरात दोन खोल्या केल्या. बाहेरच्या खोलीत एक चोखंदळ राखणदार बसतो. तो प्राणवायूला उंबरा ओलांडू देत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड उचलतो आणि आतल्या खोलीत पोचवतो. आतली खोली म्हणजे पानाच्या शिरेभोवतीचं पेशींचं कडं. तिथे कार्बन डायऑक्साइड एवढा दाटतो की स्वयंपाक्याला चुकायला वावच राहत नाही. त्यामुळे पानाला हवेसाठी आपली छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत, आणि पाणीही कमी उडतं.

पण राखणदाराला मजुरी द्यावी लागते. ती मजुरी उन्हाची. म्हणून कडूनिंबाखाली आपण तीनदा हरळी लावली आणि तीनदा ती विरळ होऊन गेली. तिथे ऊन पोचत नाही, मजुरी परवडत नाही. लिलीची पानं त्याच अर्धसावलीत सुखानं राहतात. अंगणात कुठे काय लावावं हे ठरवताना मी आधी दुपारी बारा वाजता सावली कुठे पडते ते पाहतो. बाकीचं नंतर.

ताई, आता कांदा. आडवा नको, उभा चीर, शेंड्याकडून मुळांकडे. दोन फाका झाल्या? खाली ही चपटी चकती दिसते, जिला खालून मुळ्या फुटल्यात, ते कांद्याचं खोड. एवढंच. तिच्यावर एकात एक बसलेले पापुद्रे म्हणजे पानांची बुडं, अन्न साठवून फुगलेली. आणि मधोमध हा हिरवट कोंब. लिलीचा कंद अगदी असाच असतो, फक्त आकारानं लहान. दोघं एकाच कुळातले, चुलत भावंडं म्हणा. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, लिलीचा कांदा तोंडात घालायचा नाही. त्यात लायकोरिन नावाचं विष असतं, ओकाऱ्या होतात. जमिनीत उंदीर-घुशी हिंडत असताना भरल्या कोठाराला असं काहीतरी राखण लागतंच.

ही लिली इथली नाही. गुलाबी फुलांची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, पांढऱ्या फुलांची आणखी दक्षिणेची, अर्जेंटिना-उरुग्वेकडची. १८२१ मध्ये विल्यम हर्बर्ट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं या जातकुळीला झेफिरँथिस नाव दिलं. झेफिर म्हणजे ग्रीकांचा पश्चिम वारा. पश्चिम वाऱ्याचं फूल. समुद्रापलीकडून, पश्चिमेकडून आलेलं म्हणून त्याला ते सुचलं असावं. मला मात्र हे नाव आपल्याच अंगणासाठी ठेवल्यासारखं वाटतं. आपल्याकडे अरबी समुद्रावरून वारा ढग घेऊन येतो, आणि त्याच्यामागून ही उगवते.

यंदाचा मृग आठवा. दोन महिने जमीन तडकलेली. भिंतीकडेला लिलीचं नावनिशाण नाही. हरळी पिवळी, पायाखाली कुरकुरणारी. मग त्या रात्री वीज गेली, दणकून पाऊस झाला. चौथ्या दिवशी सकाळी ताईनं आरोळी ठोकली होती. पान नाही, काही नाही, ओल्या मातीतून सरळ देठ वर आलेले, प्रत्येकाच्या टोकाला एकच कळी. दहा वाजता उमलली, सहा पाकळ्यांची, संध्याकाळी मिटली. आणि हरळी? ती तेव्हा कुठे पेरापेरातून हिरवी टाचणी बाहेर काढत होती.

चार दिवसांत फूल कसं तयार होईल? होत नाही. ते आधीच तयार असतं. गेल्या पावसाळ्यातल्या पानांनी उन्हात राबून साखर केली, ती खाली कंदात उतरली, आणि त्या साठ्यावर कंदाच्या पोटात इवलीशी कळी घडली. मग पानं पिवळी पडून मातीला मिळाली. कळी कोरड्या मातीत वाट पाहत राहिली. पावसानं फूल घडवलं नाही, त्यानं फक्त दार ठोठावलं.

साठा हरळीकडेही होता हो. काशांमध्ये. पण तिनं तो आधी पानावर खर्च केला. लिलीनं आधी फुलावर.

*

चला, तीन दिवस झाले. ठिपके बघू. पट्टी आण.

हरळीचे पाचही ठिपके वर सरकलेत. खोळीच्या तोंडाशी होते, आता बोटभर वर आहेत. कापलेलं बोथट टोक जसंच्या तसं आहे, त्यालाच खालून वर ढकललंय. आता लिलीची पानं. काय म्हणालास? तेही वर सरकलेत?

बरोबर पाहिलंस. मला वाटलंच होतं, तू हाच प्रश्न काढणार. लिलीचं पानही बुडातूनच वाढतं. म्हणजे माझी मघाची गोष्ट अर्धीच होती. पान कुठून वाढतं एवढ्यानं भागत नाही, किती पानं आहेत तेही मोजावं लागतं.

हरळीचा एक दोर उचल. उसाच्या पेरावर डोळा असतो ना, तसं इथे प्रत्येक पेराशी एक डोळा आहे. वर कात्री लागली, खाली ऊन पोचलं, की हे डोळे जागे होतात आणि एका दांडीच्या जागी दोन-तीन फुटवे येतात. प्रत्येक पेराला खाली मुळंही फुटतात, आणि ती मीटरभर खोल जाऊ शकतात. हरळीचं पान म्हणजे रोजंदारीवरचा मजूर. एक गेला तर उद्या दुसरा येतो. अर्थात तिलाही मर्यादा आहे. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये, असं माळीमंडळी सांगतात ते खरं आहे. तू परवा पार माती दिसेपर्यंत कापलंस, ते तिलाही जड जाईल.

लिलीच्या एका कंदाला मोजकी पानं. पावसाळा सरला की तिची कमाई संपली. त्यातली अर्धी पानं ऐन श्रावणात गेली, तर पुढच्या कळ्यांना पुरेल एवढी साखर उतरणार कुठून? कंद मरत नाही. तो बारीक होतो आणि फुलायचं टाळतो. त्या वर्षी चार फुलं आली होती ती याचमुळे.

इकडे या, मोरीच्या पाण्याकडेला. इथे तुझी मशीन पोचली नाही, म्हणून हरळी फुलली आहे. कुठे फूल म्हणता? ही दांडी बघा, टोकाला हाताच्या बोटांसारख्या चार-पाच काड्या पसरल्यात. तिच्या शास्त्रीय नावात म्हणूनच बोट आहे, आणि कुत्र्याचा दातही आहे, काशांवरच्या टणक, टोकदार डोळ्यांवरून पडलेला. भिंग धरा. काडीच्या एका बाजूनं दाणे, आणि दाण्यांतून बाहेर आलेले जांभळे पिसारे. तेवढेच तिचं रूप. तिला माशी-फुलपाखराला बोलवायचं नसतं, पराग वारा नेतो, म्हणून ती रंगावर दमडी खर्च करत नाही. लिलीला पाहुणे बोलवायचे असतात. मला विचाराल तर मी फूल बघायला लिलीकडे जातो, आणि भिंग घेऊन बसायचं असेल तर हरळीकडे.

गणपतीला मात्र ही फुललेली दूर्वा चालत नाही. कोवळी, तीन पानांची हवी. अनलासुर नावाचा आगीचा राक्षस गणपतीनं गिळला, पोटात आग पेटली, चंदन झालं, चंद्र झाला, काही केल्या शमेना. तेव्हा ऋषींनी एकवीस-एकवीस दूर्वा वाहिल्या आणि दाह थांबला, असं पुराणात आहे. जिनं नवतप्याचं ऊन पचवलं तिलाच पोटातल्या आगीवर बोलावलं, हे मला फार आवडतं.

*

उठा, उठा. दहा दिवसांच्या उघडिपीनंतर परवा मघा जोरात बरसल्या, ते झोपेत तुम्हाला कळलंही नसेल. आजीनं दूर्वा खुडायला बोलावलंय, पण आधी भिंतीकडे चला. चपला राहू द्या.

ही बघ ताई. कापलेल्या पानांची बोथट टोकं वीतभर वर आलीत, आणि त्यांच्यामधून देठ. एक, दोन… पाच. कोरड पडून पुन्हा जमीन भिजली की पावसाळ्यात ती अशी परत येते. या कळ्या आधीच्या कमाईतल्या, कंदात घडून ठेवलेल्या. मशीन त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

तू कुठे निघालास? विटा? आण, आण. मोरीमागे दहा-बारा पडल्यात. कडेनं आडव्या लाव, मशीनचं चाक अडेल एवढ्या उंच. नाही, एवढ्या जवळ नको. शेवटच्या पानापासून हातभर सोड. कंदांना पिल्लं होतात, पुढच्या वर्षी ती तिथवर येतील.